अर्धवट राहिलेली डिग्री आणि जुनी क्रेडिट्स: अमेरिकेत ती नव्या कॉलेजात कशी न्यायची

नव्या युनिव्हर्सिटीकडून आलेल्या कागदावर माझ्या चौदा वर्षांपूर्वीच्या स्टॅटिस्टिक्सच्या कोर्ससमोर स्वच्छ लिहिलं होतं: ३ क्रेडिट्स, मंजूर. (क्रेडिट म्हणजे कोर्स पुरा केला की डिग्रीच्या खात्यात जमा होणारं माप.) मी त्या ओळीचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला. दोन आठवड्यांनी ॲडव्हायजर म्हणाली, "तुम्हाला स्टॅटिस्टिक्स घ्यावं लागेल." अहो, ते तर मंजूर झालंय! झालं होतं खरं, पण ‘जनरल इलेक्टिव्ह’ म्हणजे कोणताही चालेल असा मोकळा विषय म्हणून, आणि माझ्या डिग्रीतल्या इलेक्टिव्हच्या जागा आधीच भरल्या होत्या. क्रेडिट जमा झालं, पण त्याचा उपयोग शून्य.

अमेरिकेत जुनी क्रेडिट्स घेऊन परत शिकायला निघालेला प्रत्येक जण विचारतो, "घेतील का?" खरं विचारायचं असतं ते "घेतलेलं क्रेडिट माझ्या डिग्रीत कुठे लागेल?" घेणं आणि लागणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक ठिकाणी त्या दोन वेगळ्या टेबलांवर ठरतात. क्रेडिट घ्यायचं की नाही हे रजिस्ट्रार किंवा ॲडमिशन ऑफिस ठरवतं. तो कोर्स इथल्या अमुक कोर्सच्या बरोबरीचा आहे का, हे त्या त्या विषयाचा विभाग ठरवतो. ही गोष्ट आधी कळली असती तर माझं एक अख्खं सेमिस्टर धावपळीत गेलं नसतं.

नुकसान किती होतं याचा एक आकडा आहे. अमेरिकी काँग्रेससाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१७ साली अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया गेली, असा त्यांचा अंदाज होता. एका सरकारी कॉलेजातून दुसऱ्या सरकारी कॉलेजात गेलेल्यांची ३७ टक्के गेली, आणि नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी संस्थेतून सरकारी कॉलेजात आलेल्यांची तब्बल ९४ टक्के. तुम्ही कुठून कुठे जाताय, यावर इतकं अवलंबून असतं.

आधी सगळ्या ट्रान्सक्रिप्ट्स गोळा करा

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे तुम्ही घेतलेल्या कोर्सची आणि ग्रेडची कॉलेजकडची नोंद. सगळ्या म्हणजे सगळ्या. एका उन्हाळ्यात घेतलेला एकच कोर्स, हायस्कूलमध्ये असताना कॉलेजातून केलेला कोर्स, मध्येच सोडलेलं सेमिस्टर, हे सगळं धरून. सुरुवातीला अनऑफिशियल कॉपी पुरते, ती बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याच्या लॉगिनवर फुकट मिळते. लॉगिन विसरला असाल तर रजिस्ट्रारला फोन करा आणि जुनं आडनाव, जन्मतारीख, साधारण कोणत्या वर्षी शिकत होता ते हाताशी ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी त्याचा कागदही जवळ ठेवावा. माझं रेकॉर्ड माहेरच्या नावावर होतं आणि समोरच्या बाईला ते तीन दिवस सापडत नव्हतं.

ऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट मात्र जुन्या कॉलेजातून थेट नव्या कॉलेजाला जावी लागते, बहुतेकदा पार्चमेंट किंवा नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस यांच्यामार्फत. तुम्ही स्वतः पाकीट उघडून पुढे दिलंत की ती ऑफिशियल राहत नाही.

एखाद्या सेमिस्टरला एफ (नापासाचा ग्रेड) आले आहेत म्हणून ते कॉलेज अर्जात लिहूच नये, असा सल्ला देणारे भेटतात. असं करू नका. कोण कुठे कधी शिकत होतं याची नोंद क्लिअरिंगहाऊसकडे असते, आणि माहिती लपवली म्हणून ॲडमिशन रद्द होऊ शकते. शिवाय जुने ग्रेड सहसा नव्या जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरत नाहीत. फक्त क्रेडिट येतं आणि जीपीए नव्याने सुरू होतो, त्यामुळे एफ ‘मागे’ लागण्याची भीती वाटते तेवढी खरी नाही. पुढे लॉ किंवा मेडिकलला जायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सगळ्या कॉलेजांचे ग्रेड एकत्र मोजतात.

जुन्या कॉलेजचे पैसे थकले असतील तर ट्रान्सक्रिप्ट अडकू शकते. कॅलिफोर्नियाने २०२० पासून आणि न्यूयॉर्कने २०२२ मध्ये कायदा करून अशी अडवणूक बंद केली, आणखीही काही राज्यांत असे कायदे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमाने असंही ठरवलं, की ज्या सेमिस्टरला तुम्ही सरकारी आर्थिक मदत घेतली आणि त्या सेमिस्टरची कॉलेजची फी पूर्ण भरली, त्या सेमिस्टरची क्रेडिट्स कॉलेजने ट्रान्सक्रिप्टवर द्यायला हवीत. तेव्हा पैसे थकले आहेत म्हणून हात टेकायच्या आधी आपल्या राज्याचा नियम बघा.

कॉलेजच बंद पडलं असेल तर? कॉरिंथियनची कॉलेजेस २०१५ मध्ये आणि आयटीटी टेक २०१६ मध्ये बंद झाली, हजारो विद्यार्थी अधांतरी राहिले. अशा कॉलेजांची रेकॉर्ड्स बहुधा त्या राज्याच्या उच्च शिक्षण खात्याकडे जातात. तिथे अर्ज करायचा.

मग एक तक्ता बनवा

एक्सेल उघडा आणि प्रत्येक कोर्सची एक ओळ करा: कॉलेज, वर्ष, कोर्स नंबर, नाव, क्रेडिट्स, ग्रेड, लॅब होती का, सिलॅबस मिळाला का. शेवटी एक रिकामा रकाना ठेवा, ‘कुठे लागेल’. पुढचं सगळं काम तो रकाना भरण्यासाठी आहे.

तक्ता झाला की काही ओळी लगेच बाजूला काढता येतात. कॉलेजला तयार करण्यासाठी घेतलेले रेमेडियल कोर्स जवळजवळ कुठेच चालत नाहीत. डी ग्रेड बहुतेक ठिकाणी चालत नाही, अनेक ठिकाणी सी मायनससुद्धा नाही, सी लागतोच. पास-फेल पद्धतीने घेतलेल्या कोर्सचं विचारावं लागतं. २०२० च्या वसंतात कोविडमुळे पास-फेल झालेल्या कोर्सना बऱ्याच कॉलेजांनी सवलत दिली होती, ते सेमिस्टर असेल तर मुद्दाम सांगा.

क्रेडिटला एक्स्पायरी डेट असते का? सर्वसाधारणपणे नाही. इंग्लिश, इतिहास, मानसशास्त्र वीस वर्षांनीही चालू शकतं. पण नर्सिंगच्या कोर्ससाठी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी पाच किंवा सात वर्षांच्या आतलीच हवी असं अनेक ठिकाणी म्हणतात, आणि कॉम्प्युटरच्या जुन्या कोर्सकडे विभाग साहजिकच नाक मुरडतो.

आता क्वार्टरची भानगड. काही कॉलेजं वर्षाचे दोन सेमिस्टर करतात, काही तीन क्वार्टर. क्वार्टर क्रेडिटला दोन तृतीयांशने गुणलं की सेमिस्टर क्रेडिट मिळतं. ४५ क्वार्टर क्रेडिट्स म्हणजे ३० सेमिस्टर क्रेडिट्स, इथपर्यंत ठीक. पण चार क्रेडिट्सचा एक कोर्स २.६७ होतो, आणि नव्या कॉलेजला तिथे ३ हवे असतात. ते ०.३३ कोण भरणार? काही विभाग कोर्सचा आशय जुळला की तेवढी तूट सोडून देतात, काही सोडत नाहीत, आणि शेवटी एकूण बेरजेत दोन-तीन क्रेडिट्स कमी पडतात ती एखाद्या छोट्या कोर्सने भरावी लागतात. हा हिशेब पहिल्या सेमिस्टरलाच करा. पदवीच्या तोंडावर कळलं तर फार चीड येते.

जुन्या कॉलेजचं कूळ

कॉलेजला मान्यता कोणी दिली होती, यावर बरंच ठरतं. पूर्वी ‘रीजनल’ आणि ‘नॅशनल’ असे मान्यतेचे दोन प्रकार होते, आणि बहुतेक सरकारी व जुनी खासगी कॉलेजं रीजनल मान्यतेचीच क्रेडिट्स घेत. अमेरिकी शिक्षण खात्याने जुलै २०२० पासून आपल्या नियमांतून हा भेद काढला. कॉलेजांच्या मनातून मात्र तो पुरता गेलेला नाही. शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी शोधता येते. तिथे जुन्या कॉलेजचं नाव टाका आणि तुम्ही शिकत होता त्या वर्षी मान्यता चालू होती ना, ते बघा. आज आहे की नाही याला महत्त्व कमी.

कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, शिकला असाल तर डिग्रीच्या नावातला एक शब्द बघा. असोसिएट इन आर्ट्स आणि असोसिएट इन सायन्स या दोन वर्षांच्या डिग्र्या पुढे नेण्यासाठीच असतात. ‘असोसिएट इन ॲप्लाइड सायन्स’ थेट नोकरीसाठी असते, आणि तिची तांत्रिक क्रेडिट्स चार वर्षांच्या डिग्रीत लावायला त्रास होतो.

नवं कॉलेज निवडताना

माझं मत सांगते: कॉलेज आवडलं म्हणून अर्ज करायचा आणि मग क्रेडिट्सचं बघायचं, हा उलटा क्रम आहे. ज्याची जुनी क्रेडिट्स साठ-सत्तर आहेत त्याने क्रेडिट्स जिथे जास्तीत जास्त लागतात अशी तीन-चार कॉलेजं आधी काढावीत, आणि त्यांतून आवडीचं निवडावं.

एकाच राज्यातल्या सरकारी कॉलेजांत काम सगळ्यात सोपं होतं. कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ नावाच्या वेबसाइटवर कम्युनिटी कॉलेजचा कोणता कोर्स कोणत्या सरकारी युनिव्हर्सिटीत कशाच्या जागी चालतो ते वर्षानुसार दिसतं. फ्लोरिडात सरकारी कॉलेजांचे कोर्स नंबर सामाईक आहेत, त्यामुळे पहिल्या वर्षाचं इंग्लिश कंपोझिशन सगळीकडे ‘ईएनसी ११०१’. टेक्सासमध्येही अशी पद्धत आहे, तिथे तोच कोर्स ‘इंग्लिश १३०१’. न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजची असोसिएट इन आर्ट्स किंवा सायन्स पूर्ण करून सरकारी युनिव्हर्सिटीत गेलात तर ती अख्खी धरली जाते. म्हणून तिथे पाच-सहा क्रेडिट्स शिल्लक असतील तर आधी ती असोसिएट पुरी करून मग उडी मारलेली बरी. राज्य बदलत असाल तर ट्रान्सफरॉलॉजी ही वेबसाइट बघा, कोर्स टाकले की कोणत्या कॉलेजात काय जुळतं ते दाखवते. तिथलं उत्तर अंतिम नसतं, पण अंदाज येतो.

प्रत्येक कॉलेजच्या दोन मर्यादा आधीच शोधून ठेवा. पहिली, बाहेरून जास्तीत जास्त किती क्रेडिट्स घेतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉलेजची जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिट्स धरते. दुसरी, स्वतःच्या इथे किमान किती घ्यायला लावतात. बॅचलर डिग्री साधारण १२० क्रेडिट्सची, त्यांतली निदान ३० तरी इथेच करा असं बहुतेक म्हणतात. याला ‘रेसिडेन्सी रिक्वायरमेंट’ म्हणतात. नाव ऐकून आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो, पण तिचा व्हिसाशी किंवा राज्यात राहण्याशी काही संबंध नाही. तसंच ‘सेविस ट्रान्सफर’ म्हणजे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याचं इमिग्रेशन रेकॉर्ड एका कॉलेजकडून दुसऱ्याकडे देणं, क्रेडिट्सचं काम त्यात होत नाही.

क्रेडिट्स इकडेतिकडे विखुरलेली असतील, चार-पाच कॉलेजांतली, तर केवळ अशांसाठी उभ्या राहिलेल्या संस्थाही आहेत. न्यू जर्सीतली थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी, कनेटिकटचं चार्टर ओक स्टेट कॉलेज आणि न्यूयॉर्क राज्यातली एक्सेल्सियर युनिव्हर्सिटी या तिन्ही १९७० च्या दशकात मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झाल्या आणि बाहेरची क्रेडिट्स भरपूर घेतात. नोकरीत बढतीसाठी ‘बॅचलर’ एवढीच अट असेल तर इथे आधी विचारा.

पैसे भरण्याआधी लेखी उत्तर घ्या

अनेक कॉलेजं क्रेडिट्सची अधिकृत तपासणी ॲडमिशननंतरच करतात. तरी अनऑफिशियल ट्रान्सक्रिप्टवरून अंदाज द्या, अशी विनंती करता येते आणि बहुतेक जण ती मान्य करतात. फोनवर गोड बोलतात, पण फोनवरचं काही धरू नका. ईमेल करा आणि नेमकं विचारा: यांतली किती क्रेडिट्स घ्याल? माझ्या मेजरमध्ये (मुख्य विषयात) किती लागतील, जनरल एज्युकेशनमध्ये (सगळ्यांना सक्तीच्या पायाभूत विषयांत) किती, आणि नुसत्या इलेक्टिव्हमध्ये किती? डिग्रीसाठी अजून कोणते कोर्स उरतील? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं. ‘आम्ही ७५ क्रेडिट्स घेऊ’ म्हणणाऱ्या कॉलेजात ६० उरू शकतात आणि ‘६५ घेऊ’ म्हणणाऱ्या कॉलेजात ५५.

गणित साधं आहे. १२० मधून ७५ गेले की ४५ उरायला हवेत. ६० उरत असतील तर घेतलेल्यांपैकी १५ क्रेडिट्स कुठेही लागत नाहीत. याचं एक कारण कोर्सची पातळी असतं. कम्युनिटी कॉलेजचे कोर्स पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे धरतात, आणि डिग्रीला तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे ठरावीक कोर्स लागतातच. ते बाहेरून भरून निघत नाहीत.

इलेक्टिव्हमध्ये गेलेला कोर्स सोडवून आणणे

आता माझ्या स्टॅटिस्टिक्सकडे येते. मी पहिल्यांदा पिटिशन, म्हणजे हा कोर्स तुमच्या कोर्सच्या जागी धरा असा अर्ज, केलं तेव्हा सोबत फक्त कॅटलॉगमधलं तीन ओळींचं वर्णन जोडलं होतं. ते नामंजूर झालं आणि योग्यच झालं. ‘माहितीचं संकलन, सरासरी, संभाव्यता यांची ओळख’ एवढ्यावरून विभागाने काय ठरवायचं? ॲडव्हायजरने तेव्हा एक वाक्य सांगितलं: "त्यांना हायपोथेसिस टेस्टिंग आणि रिग्रेशन दिसलं पाहिजे." म्हणजे विभागाच्या मनात दोन विषय होते आणि ते माझ्या कागदावर कुठे दिसत नव्हते.

मग सिलॅबसची शोधाशोध. वहीत, जुन्या लॅपटॉपवर, जुन्या ईमेलमध्ये काही नव्हतं. जुन्या कॉलेजच्या गणित विभागाच्या सेक्रेटरीला ईमेल केला, कोर्स नंबर, सेक्शन आणि सेमिस्टर देऊन. चार दिवसांनी तिरकी स्कॅन केलेली अकरा पानांची पीडीएफ आली, कडेला कोणाच्या तरी कॉफीच्या कपाचा गोल डाग. पान सातवर अकराव्या ते तेराव्या आठवड्याचं वेळापत्रक होतं: हायपोथेसिस टेस्टिंग, टी-टेस्ट, लिनियर रिग्रेशन. मी त्या ओळी पिवळ्या केल्या आणि नव्या कॉलेजच्या कोर्सचा सिलॅबस शेजारी ठेवून एका पानाचा तक्ता केला, त्यांचा विषय एका बाजूला, माझा आठवडा दुसऱ्या बाजूला. तीन आठवड्यांत मंजुरी आली.

विभागाचा माणूस घाईत असतो. त्याला अकरा पानं वाचायला लावू नका, उत्तर कुठल्या पानावर आहे ते दाखवा. सिलॅबसवर पुस्तकाचं नाव व आवृत्ती, आठवड्यांचं वेळापत्रक, तास, गुणांची विभागणी आणि लॅब असेल तर तिचे प्रयोग दिसायला हवेत. सिलॅबस तुम्ही शिकलात त्याच वर्षाचा हवा. आजचा जोडलात तर तेवढ्यावरून परत पाठवतात.

सेक्रेटरीकडे नसेल तर शिकवणाऱ्या प्राध्यापकांना विचारा, कॉलेजच्या लायब्ररीत जुने कॅटलॉग बघा, किंवा इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये कॉलेजच्या वेबसाइटची त्या वर्षीची पानं शोधा. अनेक विभाग पूर्वी सिलॅबस वेबसाइटवर टाकत असत, ते तिथे अजून पडलेले सापडतात.

माझं दुसरं पिटिशन, बिझनेस लॉचं, फेटाळलं गेलं. नव्या कॉलेजात तो तिसऱ्या वर्षाचा कोर्स होता आणि माझा पहिल्या वर्षाचा. तिथे मी वाद घातला नाही.

भारतातलं शिक्षण मोजायचं असेल तर

भारतातून बी.कॉम.ची दोन वर्षं करून आलेल्यांना किंवा पूर्ण पदवी असलेल्यांना आधी मूल्यमापन करून घ्यावं लागतं. ‘नेसेस’ या संघटनेच्या सदस्य संस्था, उदाहरणार्थ वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस, हे काम करतात. ‘डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट’ स्वस्त असतं, पण क्रेडिट्ससाठी ‘कोर्स-बाय-कोर्स’ अहवालच लागतो. आपल्या जुन्या गुणपत्रिकांवर क्रेडिट्स छापलेलीच नसत, ती हे लोक काढून देतात. कोणत्या संस्थेचा अहवाल चालेल ते नव्या कॉलेजला आधी विचारा, नाहीतर दोनदा पैसे जातात. युनिव्हर्सिटीकडून ट्रान्सक्रिप्ट मागवताना गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर नुसता शिक्का मारून चालत नाही. पाकीट सीलबंद आणि फटीवर सही-शिक्का असलेलं हवं. घरचं कोणी तिथे असेल तर हे त्याला दोनदा सांगा.

भारतातली पदवी पूर्ण असेल तर एक गोष्ट लक्षात असू द्या: पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, पहिल्या बॅचलर डिग्रीसाठी असते, आणि परदेशी बॅचलरही त्यात धरतात. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या किंवा मुलांच्या व्हिसावर, असलेल्यांना शिकता येतं, पण सरकारी आर्थिक मदत मिळत नाही.

जास्त क्रेडिट्सही अंगाशी येतात

सरकारी मदत घेणाऱ्यांनी हे नीट वाचावं. मदत चालू राहण्यासाठी डिग्री तिच्या लांबीच्या दीडपटीच्या आत पुरी व्हायला हवी. १२० क्रेडिट्सच्या डिग्रीला १८० पर्यंत. नव्या कॉलेजने घेतलेली बाहेरची क्रेडिट्स या हिशेबात धरतात. म्हणजे कुठेही न लागणारी ४० क्रेडिट्स ‘असू देत’ म्हणून घेऊन ठेवली, तर शेवटच्या वर्षी मदत बंद होण्याची वेळ येऊ शकते. मर्यादा ओलांडली तर अपील करता येतं, पण फायनान्शियल एड ऑफिसला पहिल्याच सेमिस्टरला विचारलेलं चांगलं. पेल ग्रँटही आयुष्यात एकूण १२ पूर्ण सेमिस्टरपुरतीच असते, आणि जुन्या कॉलेजात वापरलेली त्यातच मोजतात.

उरलेल्या बारीकसारीक जागा भरायला क्लेप परीक्षा बघा. कॉलेज बोर्डाच्या या परीक्षेत ५० गुण मिळाले की अनेक कॉलेजं क्रेडिट देतात. मराठी घरांतल्या पुष्कळ मुलांनी हायस्कूलला एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, परीक्षा दिलेल्या असतात आणि गुण कधी पाठवलेलेच नसतात. ते अनेक वर्षांनंतरही मागवता येतात.

आणि कम्युनिटी कॉलेज थोडक्यात राहिलं असेल तर ‘रिव्हर्स ट्रान्सफर’ची चौकशी करा. नव्या कॉलेजातली क्रेडिट्स उलट जुन्या कॉलेजला पाठवून तिथली असोसिएट डिग्री घेता येते, बॅचलर पुरी व्हायच्या आधीच रेझ्युमेवर एक डिग्री लागते.

रजिस्ट्रेशन झाल्यावर लॉगिनमध्ये ‘डिग्री ऑडिट’ नावाचं, कोणतं क्रेडिट कुठे लागलं ते दाखवणारं पान दिसतं. प्रत्येक सेमिस्टरला ते पीडीएफ करून ठेवा, विशेषतः मेजर बदलण्याच्या आदल्या दिवशी. मेजर बदललं की सगळी क्रेडिट्स नव्याने मांडली जातात आणि मंजूर झालेली पिटिशन्स कधीकधी गळून पडतात. माझं स्टॅटिस्टिक्स असंच एकदा पुन्हा इलेक्टिव्हमध्ये जाऊन बसलं होतं. जुनी पीडीएफ आणि मंजुरीचा ईमेल पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी ते आपल्या जागी परत आलं.